फोन खिशात, पण गल्ला कोणाकडे?

आज आपण केनियाला जाऊया. तिथे मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा आहे, एम-पेसा. 'एम' म्हणजे मोबाइल आणि स्वाहिलीत 'पेसा' म्हणजे आपला पैसाच.

मार्च 2007 मध्ये सफारीकॉम या फोन कंपनीने ती सुरू केली. आधीचा प्रयोग होता छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून भरण्याचा. पण लोक ती वापरायला लागले एकमेकांना पैसे पाठवायला. नोकरी नैरोबीत, घर गावाकडे. मुंबईहून कोकणात जाणारी मनीऑर्डर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही गरज वेगळी समजवायला नको.

आता, हे सगळं यश तंत्रज्ञानाचं, असं आपण पटकन म्हणून टाकतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. तंत्रज्ञान साधंच होतं. साधा फोन, सिमकार्डातला मेन्यू आणि एक पिन. इंटरनेटसुद्धा लागत नव्हतं. खरा भार उचलला तो एजंटने, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानदाराने. त्याला रोख द्यायची, की तेवढी रक्कम तुमच्या फोनवर जमा. ती गावी पाठवायची, आणि तिथे घरच्यांनी एजंटला ओळखपत्र दाखवून नोटा घ्यायच्या. एजंटला दोन्ही सांभाळावं लागतं, गल्ल्यातल्या नोटा आणि फोनवरचा बॅलन्स. गल्लाच रिकामा असेल, तर तुमच्या फोनवरच्या आकड्याचं करायचं काय?

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांचा 2016 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. एम-पेसामुळे केनियातली सुमारे 1,94,000 कुटुंबं, म्हणजे 2 टक्के, गरिबीतून बाहेर आली, असा त्यांचा अंदाज. सुमारे 1,85,000 स्त्रिया शेतीकडून छोट्या धंद्याकडे वळल्या. आणि गंमत बघा, त्यांनी मोजलं काय? फोन किती, हे नाही. घराच्या आसपास एजंट किती वाढले, हे!

मग 2012 मध्ये त्याच फोनवर एम-श्वारी आली. बचत आणि झटपट कर्ज. एजंट नको, कागद नको, बटण दाबा. 30 दिवसांच्या कर्जाला शुल्क साडेसात टक्के. ऐकायला थोडं वाटतं, पण दर महिन्याला तेच कर्ज घेतलं तर वर्षाला 90 टक्के होतात हो! पुढे कर्जाच्या अॅप्सची रांग लागली. काहींनी तर वसुलीसाठी फोनमधल्या नातेवाइकांना, साहेबांना फोन लावले. शेवटी 2021 मध्ये कायदा बदलून या सावकारांना मध्यवर्ती बँकेच्या परवान्याखाली आणावं लागलं. आपल्याकडेही हेच घडलं. 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अॅप्सना फोनमधल्या संपर्कयादीला हात लावायला मनाई केली.

म्हणून 'इतक्या कोटी लोकांची खाती उघडली' असं कोणी सांगितलं, की मी तीन प्रश्न विचारते. रोख हातात द्यायला जवळ माणूस आहे का? कर्जाची खरी किंमत आधी, आपल्या भाषेत सांगतात का? आणि चुकलं तर दाद मागायला दार कुठलं? या तिन्हींची उत्तरं नसतील, तर त्या बाईकडे खातं आहे एवढंच म्हणता येईल. व्यवहारात तिला जागा मिळाली, असं नाही म्हणता येणार.

तुमच्या गावात या प्रश्नांची उत्तरं काय आहेत, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.