नदीकाठची एक खूण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला माझ्या कामाविषयी बोलायला सांगितलंय. मी नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. पण आज कॉम्प्युटरबद्दल नाही, एका कबरीबद्दल बोलणार आहे.

वर्धा जिल्ह्यात वणा नदीच्या काठी हिंगणघाट आहे. कापसाची बाजारपेठ म्हणून आपण ते गाव ओळखतो. तिथे विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे. ही नोंद मला वाचनात सापडली, तेव्हा मी चकित झाले. ज्यांच्या मोजणीवर आपला नकाशा उभा आहे, ते आपल्याच महाराष्ट्रात विसावलेत, आणि शाळेत त्यांचं नाव आपल्या कानावरसुद्धा आलं नव्हतं.

लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासजवळ सुमारे 12 किलोमीटरची एक सरळ रेषा मोजली. शंभर फुटी पोलादी साखळी एकापुढे एक, चारशे वेळा मांडून. पुढचं काम त्रिकोणांनी केलं. एक बाजू माहीत असली आणि दोन कोन मोजले, की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. 'त्रिकोणमिती आयुष्यात कुठे लागते?' असं आपण मागच्या बाकावर कुजबुजायचो ना, त्याचं उत्तर हे आहे!

कोन मोजायचं त्यांचं यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्धा टन वजनाचं होतं. ते माणसांच्या खांद्यांवरून डोंगरावर चढायचं. आपल्या चांदवडच्या किल्ल्यावर नुसतं दप्तर घेऊन चढताना किती धाप लागते, ते आठवा. ताप, जंगल, पाऊस यांत कितीतरी खलाशी, झेंडेवाले, हमाल गेले. त्यांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत.

हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला लॅम्बटन वारले. सत्तरीच्या आसपासचं वय, आणि काम अर्धवट. ते जॉर्ज एव्हरेस्ट यांनी मसुरीच्या डोंगरांपर्यंत नेलं. पुढे राधानाथ सिकदार यांनी हिमालयातल्या सर्वोच्च शिखराच्या उंचीचं गणित केलं. शिखराला नाव मात्र एव्हरेस्ट यांचं मिळालं.

ही जुनी गोष्ट माझ्या रोजच्या कामात येते. आपले जुने सर्व्हे नकाशे पृथ्वीच्या ज्या आकारावर बेतलेत, त्याला एव्हरेस्ट यांचंच नाव आहे. मोबाइलमधलं जीपीएस वेगळा आकार धरतं. दोन्ही आकारांच्या विषुववृत्तीय त्रिज्येत सुमारे 861 मीटरचा फरक आहे. रूपांतर न करता जुना नकाशा नव्यावर ठेवला, तर आपल्या भागात बिंदू शंभर मीटरहून अधिक सरकतो. म्हणजे तुमची विहीर शेजाऱ्याच्या वावरात दिसेल! बांधावरून भावाभावांत काय होतं, ते इथे कुणाला सांगायला नको. हा घोळ सोडवायचा तर जमिनीवरच्या जुन्या खुणा जागेवर असाव्या लागतात.

सर्व्हेच्या खुणा फक्त डोंगरमाथ्यावर नसतात. नदीवरच्या जुन्या पुलांच्या कठड्यांवर, देवळांच्या ओट्यांवर 'जीटीएस' आणि 'बीएम' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली आढळतात. ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची खूण. पूररेषा आखायची, कालवा काढायचा, तर उंची अशाच खुणेपासून धरतात. रस्ता रुंद होतो, पूल पाडतात, ओट्यावर फरशी बसते, आणि खूण जाते. कुणी मुद्दाम घालवत नाही. ती काय आहे हेच ठाऊक नसतं.

म्हणून एक विनंती. शाळेला आपण देणगी देणारच आहोत. त्याबरोबर नववी-दहावीच्या मुलांना घेऊन तालुक्यातले जुने पूल आणि ओटे एकदा पाहूया. खूण सापडली तर फोटो काढायचा, जागा लिहायची, वहीत नोंदवायची. आपल्यातले जे बांधकामात, पंचायतीत, महसुलात आहेत, त्यांनी काम सुरू होण्याआधी ती वही एकदा उघडावी. एवढं झालं, तरी त्या बिननावाच्या माणसांचं थोडं ऋण फिटेल.