मिठागर, परवाना आणि आपण
(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरातलं भाषण)



मला कवितेवर बोल म्हणून सांगितलं होतं. कविता पुढच्या खेपेला. आज मिठागरावर बोलतो.

तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात आत्ताच आलं असेल, की मिठागर, तिवरं, रोहित पक्षी ही काय आपली भानगड आहे का? ती गळ्यात दुर्बीण लटकवून फिरणाऱ्यांची भानगड. खरंय. त्या लोकांचा मलाही राग येतो. पक्ष्याचं घरटं मोडलं की यांच्या डोळ्याला धार लागते, माणसाचं झोपडं मोडलं की यांच्याच पेपरात मथळा येतो : 'अतिक्रमण हटवले'. पण राग आला म्हणून कागद वाचायचा नाही असं थोडंच आहे? त्या कागदात आपलं नाव आहे. पक्ष्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात.

कागद असा आहे. धारावीचा पुनर्विकास चाललाय. त्यासाठी २०२४ साली राज्याच्या मंत्रिमंडळानं केंद्राच्या मालकीची २५५.९ एकर मिठागराची जमीन घ्यायचं ठरवलं. कांजूर, भांडुप आणि मुलुंडची मिठागरं. तिथं भाड्याची घरं, स्वस्त घरं बांधायची. कुणासाठी? धारावीत जे 'अपात्र' ठरतील त्यांच्यासाठी. १ जानेवारी २००० च्या आधीपासून तळमजल्यावर राहत असल्याचा पुरावा ज्याच्याकडे आहे तो पात्र, त्याला धारावीतच ३५० चौरस फूट. त्याच्यानंतर आलेला, वरच्या माळ्यावर राहणारा, भाड्यानं राहणारा, तो धारावीच्या बाहेर. धारावीत वरच्या माळ्यावर कोण राहतं हे तुम्हाला सांगायला नको. जो सगळ्यात उशिरा आला, सगळ्यात कमी कमावतो आणि ज्याच्या नावावर लाइटबिलसुद्धा नाही, तो लोखंडी शिडीवरून वर चढतो.

आता आपलेच काही मित्र म्हणतात, "घर मिळतंय ना? मग मीठ काय चाटायचंय?" या प्रश्नाला शिवी देऊन भागणार नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं पाठीला पाठ लावून झोपतात, त्यांना पाणथळ जमिनीचं महत्त्व सांगायला जाल तर चप्पल खाल. खायलाच पाहिजे. म्हणून मी पक्ष्यांपासून सुरुवात करत नाही. धारावीपासून करतो.

धारावी काय होती? १९०९ च्या गॅझेटियरमध्ये मुंबईच्या सहा मोठ्या कोळीवाड्यांत तिचं नाव आहे. खाडी आणि दलदल. शहरानं आपली घाण शहराबाहेर लोटली तेव्हा चामड्याचा धंदा तिथं आला, आणि चामड्यामागून ढोर, चांभार, तमिळ मुसलमान, आदिद्रविड आले. कुंभार आले. त्यांनी चिखलात काय टाकलं? भुसा, राख, फुटकी मडकी, चामड्याची कातरण, कचरा, राबिट. एका पावसाळ्यात खचायचं, दुसऱ्या उन्हाळ्यात परत भरायचं. तीन-तीन पिढ्या चिखलाला जमीन करण्यात गेल्या. एक पैसा सरकारचा नाही. म्हणून परवाना नाही. म्हणून ती झोपडपट्टी.

आणि मिठी नदीच्या पलीकडच्या काठावर काय होतं? तेच खाजण, तीच खाडी, तीच तिवरं. १९७७ साली तिथं एमएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. सुमारे ३७० हेक्टर. भरणी झाली, आखणी झाली, प्लॉट पडले, बँका आल्या, काचेच्या इमारती आल्या. ते वांद्रे-कुर्ला संकुल. चिखल एकच, नदी एकच, भरणीही एकच. फरक कागदाचा. एका काठावर भरणी केली ती माणसं अतिक्रमक, दुसऱ्या काठावर भरणी केली ते नियोजनकार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी फुगली, तेव्हा नदीचा गळा कुणी आवळला म्हणून सगळ्यांनी बोट दाखवलं ते झोपड्यांकडे. काचेच्या इमारतीकडे बोट दाखवायला मान वर करावी लागते. तेवढी तसदी कोण घेतो?

मी गोदीत हमाली करतो. आमच्या शेजारची बॅलार्ड इस्टेट, २२ एकर, अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेल्या मातीवर उभी आहे. त्या डॉकला आता इंदिरा डॉक म्हणतात. माती ज्यांनी डोक्यावरून वाहिली त्यांचं नाव तिथं कुठल्याच इमारतीवर नाही. हे रडगाणं नाही. हिशेब सांगतोय. या शहरात जमीन ही निसर्गानं दिलेली वस्तू नाही, ती केलेली वस्तू आहे. करणारा वेगळा आणि परवाना काढणारा वेगळा.

धारावीची जमीन आता पक्की झाली. पश्चिम, मध्य आणि हार्बर, तिन्ही रेल्वेमार्ग हाताशी. मग पक्क्या जमिनीवरून माणूस उचलायचा आणि पुढच्या चिखलात नेऊन ठेवायचा. हे काही पहिल्यांदा होत नाही. १९७६ साली आणीबाणीत अणुशक्ती केंद्राशेजारची जनता कॉलनी उठवली आणि माणसं ट्रॉम्बेच्या दलदलीत चीता कॅम्पला नेऊन टाकली. ती वस्ती त्यांनी परत स्वतःच्या हातांनी भरून उभी केली. अलीकडचं माहूल घ्या. तानसा पाइपलाइनच्या कडेची माणसं रिफायनऱ्यांच्या नाकाखालच्या इमारतींत पाठवली. तिथली हवा माणसाला अपायकारक आहे हे हरित न्यायाधिकरणानं २०१५ सालीच म्हटलं होतं. तरी पाठवली. माणसं रस्त्यावर बसली, कोर्टात गेली, तेव्हा २०१९ साली हायकोर्टानं सांगितलं, जबरदस्तीनं तिथं पाठवू नका, भाडं द्या.

गावात महारवाडा कुठं असतो? गावाचं सांडपाणी जिकडं उतरतं तिकडं. शहराच्या नकाशावर उतार शोधा. दर उताराच्या टोकाला आपली एक वस्ती आहे.

आता परवान्याचं बघू. कंटाळवाणं आहे, पण ऐका. यातच खरी गोम आहे.

पाणथळ जमिनी वाचवायला २०१० साली नियम झाले, २०१७ साली बदलले. २०१७ च्या नियमांत पाणथळ म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि व्याख्येच्या शेपटीला अपवाद आहेत. नदीचं पात्र नाही, भातखाचर नाही, पिण्याच्या पाण्याचा बांधीव तलाव नाही, आणि मीठ पिकवण्यासाठी केलेली रचना नाही. म्हणजे मिठागर कायद्यानं पाणथळ नाहीच! गंमत बघा, सरकारच्याच अंतराळ खात्यानं उपग्रहावरून पाणथळ जमिनींचा नकाशासंग्रह केलाय, त्यात मिठागरांचा स्वतंत्र वर्ग आहे. आभाळातून बघितलं तर पाणी दिसतं, मंत्रालयातून बघितलं तर प्लॉट दिसतो.

बरं, किनाऱ्याचा कायदा? सीआरझेड. पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. दर खेपेला दोरी थोडी ढिली. तिवरं असतील तर अडतं. २००५ साली हायकोर्टानं तिवरांपासून ५० मीटरच्या आत बांधकाम बंद केलं आणि २०१८ साली आणखी कडक शब्दांत बजावलं. पण 'सार्वजनिक हित' म्हणून कोर्टाची परवानगी मागता येते. २०२२ साली बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार तिवरं तोडायची परवानगी मिळाली. बदल्यात दुसरीकडे झाडं लावायची. भाषा ओळखीची वाटते ना? इथून उपटा, तिकडं लावा. माणसांच्या बाबतीत यालाच पुनर्वसन म्हणतात. मिठागरांबद्दल सरकारी बाजू सांगते की हायवे झाल्यापासून तिथं समुद्राचं पाणी येत नाही, सबब ती किनाऱ्याच्या कायद्यात बसत नाहीत. आधी रस्ता घालून पाणी अडवायचं, मग पाणी नाही म्हणून दाखला द्यायचा.

राहिली पर्यावरण मंजुरी. २००६ ची अधिसूचना म्हणते, २०,००० चौरस मीटरपासून वरच्या बांधकामाला मंजुरी पाहिजे. आणि तीच अधिसूचना म्हणते की इमारती आणि वसाहतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीची गरज नाही. नीट ऐका. खाण काढायची असेल तर गावकऱ्यांना बोलवावं लागतं, माइक द्यावा लागतो, शिव्या खाव्या लागतात. हजारो माणसांना चिखलात राहायला पाठवायचं असेल तर एकालाही विचारावं लागत नाही. ना जाणाऱ्याला, ना शेजाऱ्याला, ना त्या मिठागरात राबलेल्या आगऱ्याला, आदिवासी मजुराला. समिती बसते, फाइल येते, अटी टाकतात, शिक्का बसतो. अटी वाचा कधी : अमुक झाडं लावा, तमुक टाकी बांधा. पूर आला तर तळमजल्यावरच्या म्हातारीनं कुठं जायचं, ही अट मला अजून कुठल्या मंजुरीत दिसली नाही.

आणि पाणी येणार. मिठागर पावसाळ्यात काय करतं? मीठ पिकत नाही, बांध असतात, मोठाच्या मोठा सपाट खोलगट भाग असतो, त्यात पावसाचं पाणी थांबतं. भरती मोठी असली की शहराच्या नाल्यांची तोंडं समुद्राखाली जातात. पाणी बाहेर पडत नाही. ते ओहोटीपर्यंत कुठंतरी थांबायला पाहिजे. आम्हाला गोदीत हे रोजचं आहे, जहाज आत घ्यायचं तर भरती बघूनच दरवाजा उघडतात; साहेबाचा हुकूम तिथं चालत नाही. मिठागर भरून चार-पाच मीटर उंच केलं तर त्यावरच्या इमारती कदाचित कोरड्या राहतील. मग थांबायला जागा नसलेलं पाणी कुठं शिरेल? भांडुप-कांजूरच्या सखल चाळींत, नाल्याकाठच्या झोपड्यांत. तिथं कोण राहतं? म्हणजे आपल्या एका माणसाला घर द्यायचं आणि दुसऱ्याच्या घरात पाणी सोडायचं. मग पाण्यावरून आपणच आपली डोकी फोडायची, आणि धारावीच्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर टॉवर विकायचे.

चिखलाची मालकी हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. अलिबागच्या खारेपाटात कुळांनी समुद्र अडवून जमीन केली, पीक मात्र खोताच्या घरात. १९३३ साली चरी गावातून नारायण नागू पाटलांनी संप पुकारला. सहा वर्षं जमीन नांगरली नाही. लाकूडफाटा विकून जगले. बाबासाहेबांनी १९३७ साली कायदेमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर आला. आगरी कुणबी कुळांसाठी महाराचा पोर विधेयक मांडतो, हे आज आपल्याला आणि आगऱ्यांना, दोघांनाही कुणी सांगत नाही. भांडुपच्या आगरी पोरांशी बोलायला जाऊ तेव्हा तिथून सुरुवात करू.

तर आपण मागायचं काय? 'मिठागर वाचवा' एवढीच पाटी घेऊन मी उभा राहणार नाही, ती पाटी धरायला पुष्कळ गोरे हात आहेत. आपली पाटी अशी : धारावीतल्या प्रत्येकाला धारावीत घर. वरच्या माळ्यावरच्याला, भाडेकऱ्यालासुद्धा. धारावीची सुमारे ६०० एकर जमीन ज्यांनी चिखलातून काढली त्यांना ती पुरत नाही, पण विक्रीच्या टॉवरला पुरते, हा हिशेब आम्हाला जाहीर मांडून दाखवा. मिठागराच्या मंजुरीआधी सुनावणी घ्या. ती धारावीतही घ्या आणि भांडुप-कांजूरलाही, मराठीत, तमिळमध्ये, उर्दूत, हिंदीत. कायदा सूट देतो म्हणाल तर सूट काढा.

आणि एक काम आपलं आपण करायचं. या पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस कोणते, ते बघून त्या-त्या दिवशी कांजूर, भांडुप, मुलुंडच्या वस्त्यांत जायचं आणि पाणी जिथवर चढलं तिथं भिंतीवर रेघ मारायची. तारीख घालायची, वेळ घालायची, घरमालकाची सही घ्यायची, फोटो काढायचा. समितीपुढं पक्ष्यांची गणती घेऊन जाणारे आहेत, आपण रेघांची वही घेऊन जाऊ. भरतीचं कोष्टक मी गोदीतून आणतो. तांबडा ऑइलपेंट आणि ब्रश कुणाकडे आहे, हात वर करा.