शोकाला वाट हवी
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणातून)



आम्ही नवरसांवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. रस-बिस पंडितांचे, आपले काय? अहो, सर्वांत जुनी जी संस्कृत नाटके हाती लागली, त्यांत बौद्ध कवी अश्वघोषाचे ‘शारिपुत्रप्रकरण’ आहे! मध्य आशियात त्याची फाटकी ताडपत्रे सापडली, १९११ साली ती छापली गेली. तेव्हा हे घर आपलेही आहे.

भरताने आठ रस सांगितले, नववा शांत मागाहून आला. करुणाच्या मुळाशी शोक, रौद्राच्या मुळाशी क्रोध. आणि वीराच्या? तिथे क्रोध नाही, उत्साह आहे.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपविले. सगळ्यांचे दुःख गाणारा माणूस! त्याचे दुःख वाटून घ्यायला आपण कुठे होतो, ही खंत आम्हांला आजही आहे.

भीमराव कर्डकांच्या पिढीचे जलसे हेच करीत. तमाशाचाच बाज, पण सोंगाड्या अस्पृश्यतेचे वाभाडे काढी. हसता हसता माणसे ताठ बसत.

म्हणून सांगतो, वस्तीवर काही ओढवले तर त्या रात्री विहाराला कुलूप लावू नका. ढोलकी काढा, म्हाताऱ्यांना पुढे बसवा, रडू द्या, मग गाऊ द्या. आपल्या पेटीचा भाता फाटलाय, तो तेवढा या महिन्यातच दुरुस्त करून घ्या.