टिळकांची समाधी

टिळक म्हटलं की रत्नागिरीकरांना लोकमान्य आठवतात, आणि ते रास्तच आहे. पण आज मी बोलणार आहे ते याच जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही त्यांची कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन ब्राह्मणानं ख्रिस्ती व्हायचं, म्हणजे त्या काळी घरादारावर वीज कोसळण्यासारखंच होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नवऱ्यापासूनच्या ताटातुटीत काय सोसलं ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचावं; मी सांगून त्याची धार बोथट होईल. पुढे 1900 मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या.

टिळकांनी धर्म बदलला, पण मायभूमी सोडली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, देवळातलं कीर्तन चर्चमध्ये नेलं. मिशनऱ्यांच्या हाताखालचा नव्हे, मराठी मातीतला ख्रिस्ती समाज त्यांना उभा करायचा होता. म्हणून 1917 मध्ये अमेरिकन मिशनची पगारी चाकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मला तर हे त्यांच्या कवितेइतकंच मोठं काम वाटतं.

पुढे जेमतेम दोन वर्षं मिळाली. 9 मे 1919 रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचं निधन झालं. ख्रिस्ती माणसाला पुरायचं, हा रिवाज. टिळकांची इच्छा मात्र दहनाची होती. त्याप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला, आणि अस्थी नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत ठेवल्या गेल्या. आयुष्यभर ते जे सांगत आले, तेच त्यांनी मरणातही करून दाखवलं. नगर हीच त्यांची कर्मभूमी. तिथल्याच त्यांच्या घरात बालकवींना मायेचा आसरा मिळाला होता.

तेव्हा श्रोतेहो, नगरला गेलात तर भुईकोट किल्ला पाहून तसेच परतू नका. टिळकांच्या समाधीची वाट विचारा, दोन फुलं वाहा. आपल्या जिल्ह्याचा माणूस तिथे विसावला आहे.