सुखाचा एक दिवस का आठवत नाही?



नैराश्याच्या रुग्णासोबत येणारे नातेवाईक अनेकदा व्यथित होऊन आम्हांस सांगतात, "याच्यासाठी एवढे केले, पण याला चांगले काही आठवतच नाही." ही कृतघ्नता नव्हे, तो आजाराचाच भाग आहे, हे आज आम्ही आपल्यापुढे मांडू इच्छितो.

१९८६ मध्ये इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून आयुष्यातील नेमका प्रसंग सांगण्याची विनंती केली. उत्तरे मोघम येत. 'सुट्टीत बरे वाटायचे', या धर्तीची. अमुक दिवशी काय घडले, हे सांगणे त्यांना जड जाई. सुखद शब्दांच्या बाबतीत तर विशेषच.

आठवण पेटीतील छायाचित्रासारखी तयार नसते; मेंदू ती दर वेळी नव्याने जुळवतो. मेंदूचा पुढील भाग शोधाला दिशा देतो, हिप्पोकॅम्पस स्थळकाळाचे धागे एकत्र आणतो. 'कॉलेजचे दिवस', मग 'सहली', मग ती एक सहल, असा हा शोध पायरीपायरीने उतरतो. नैराश्यात तो मधल्याच पायरीवर अडतो. त्याच त्या विचारांचे चक्र, दुखऱ्या प्रसंगापासून दूर राहण्याची सवय आणि क्षीण झालेली एकाग्रता ही त्याची कारणे मानली जातात.

याचे परिणाम गंभीर आहेत. पूर्वीच्या संकटातून आपण कसे सावरलो हे नेमके आठवले नाही, तर आजच्या संकटात मार्ग सुचत नाही आणि उद्याचे चित्रही धूसर होते.

मात्र नेमकेपणा सरावाने वाढू शकतो. २००९ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी नैराश्याच्या रुग्णांकडून गटात असा सराव करून घेतला, तेव्हा त्यांचे स्मरण अधिक नेमके झाल्याचे आढळले. औषधे व समुपदेशन यांना तो पूरक आहे, पर्याय नव्हे.

कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, रुग्णाशी वाद घालू नये. "त्या दिवशी कोण कोण होते? जेवायला काय होते?" असे साधे प्रश्न विचारावेत. दुखऱ्या आठवणी घरी उकरू नयेत. जीव नकोसा झाल्याचे रुग्ण बोलला, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

देणगीदारहो, यंत्राची किंमत पावतीवर दिसते. रुग्णाजवळ शांतपणे बसलेल्या समुपदेशकाचा तास दिसत नाही. आपले साहाय्य त्या तासालाही लाभावे, हीच प्रार्थना.