पट्टा, कुलूप आणि किल्ली



या व्याख्यानमालेत काल आपण संतवाङ्मयावर ऐकलेत, उद्या अर्थकारणावर ऐकणार आहात. आणि या दोहोंच्या मध्ये मी मोटारीचा पट्टा, दाराचे कुलूप आणि किल्ली घेऊन आपल्यापुढे उभा आहे. चिटणीसांना मी विषय कळविला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सर, एवढ्यावर तासभर बोलता येईल?" प्रश्न रास्त होता. ज्या वस्तूंना आपला हात रोज लागतो त्यांच्याविषयी ऐकण्यासारखे काही असेल असे कुणालाच वाटत नाही. मी तंत्रनिकेतनात तीस वर्षे यंत्रशास्त्र शिकविले. मलाही वाटत नव्हते. ते का वाटू लागले, ती हकीकत आधी सांगतो. तीत माझी शोभा नाही, पण सांगितली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, दुपारचा दीड. एका लग्नाहून परत येताना आम्ही रस्त्याकडेच्या रसवंतीपाशी गाडी उभी केली. दीड वर्षाचा नातू कुरकुरत होता म्हणून सूनबाईंनी त्याच्या हातात खेळायला किल्ली दिली, त्याला मागच्या आसनावर ठेवले, दार लावले आणि पलीकडच्या दाराने आत बसावे म्हणून त्या गाडीला वळसा घालू लागल्या. तेवढ्यात आत 'खट्' असा आवाज झाला. पोराने किल्लीवरचे बटण दाबले होते. चारही दारांना कुलूप, काचा वर, किल्ली आत आणि मूल आत. आम्ही बाहेरून "बटण दाब रे बाळा" म्हणून ओरडत होतो आणि तो आमच्याकडे पाहून हसत होता. थोड्या वेळाने त्याचे हसू गेले आणि तो रडू लागला. मी एक धोंडा उचलला आणि समोरच्या काचेवर घालू लागलो. काचेला जाळे पडले, पण काच फुटेना.

शेवटी रसवंतीवाला धावत आला. "मास्तर, ती काच नाही फुटायची," म्हणाला, आणि हातातल्या पान्ह्याच्या टोकाने त्याने मुलापासून लांबच्या बाजूची काच कोपऱ्यात ठोकली. पहिल्या घावाने काही झाले नाही, दुसऱ्या घावाला साखर सांडावी तशी ती काच खाली आली. पोर घामाने निथळत होते, तोंड लालबुंद झाले होते; पण सुखरूप होते. समोरची काच दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा घालून केलेली असते, ती तडकते पण जागा सोडत नाही. बाजूची काच बहुधा तापवून झटकन निवविलेली असते, तिच्या कोपऱ्यावर टोकदार घाव बसला की तिचे दाणे होतात, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवीत असे. त्या दिवशी ते मला आठवले नाही.

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांत उष्णता सुमारे १० अंशांनी चढते, आणि अर्ध्या तासात २० अंशांच्या जवळपास. बाहेर ४० अंश असतील तर आतला हिशेब आपणच करा. काच बोटभर खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तिपटीने किंवा त्याहूनही अधिक वेगाने तापते. आणि मूल नेहमी आपणच आत ठेवलेले असते असेही नाही. दारात कुलूप न लावता उभ्या केलेल्या गाडीत मुले लपाछपी खेळताना शिरतात, दार लागते आणि त्यांना ते उघडता येत नाही. म्हणून गाडी अंगणात असली तरी तिला कुलूप घालावे, किल्ली मुलांच्या हाती लागेल अशा खुंटीवर टांगू नये. आणि मूल सापडेनासे झाले तर विहिरीबरोबर गाडीतही पाहावे.

त्या दिवसापासून मी या तीन वस्तूंकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. तिघींनाही दोन कामे दिलेली आहेत: धरून ठेवणे आणि सोडणे. धरायच्या वेळी त्यांनी सोडले तर अनर्थ, आणि सोडायच्या वेळी धरले तरी अनर्थ. आपण मात्र त्यांचे एकच काम ध्यानात ठेवतो.

आधी पट्टा घेऊ, ज्याला आपण सर्रास सीटबेल्ट म्हणतो. ताशी ५० किलोमीटर हा वेग आपल्याला वेग वाटतच नाही. पण तो सेकंदाला जवळजवळ १४ मीटर होतो, आणि सुमारे १० मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकताना त्याच वेगात असते. म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून खाली पडणे. गच्चीच्या कठड्यावर बसायला सांगितले तर आपण बसणार नाही. गाडीत मात्र पट्टा न बांधता पाय पसरून बसतो.

गाडी आदळते तेव्हा तिचे नाक चेपते, आणि त्या चेपण्यात अर्धा-पाऊण मीटर अंतर मिळते. पट्टा बांधलेला मनुष्य गाडीशी एकजीव झालेला असतो, म्हणून तोही त्या अर्ध्या-पाऊण मीटरात थांबतो. न बांधलेला मनुष्य गाडी थांबली तरी आपल्या पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतो आणि मग चार-सहा बोटांच्या अंतरात कशावर तरी आदळून थांबतो. सारा फरक त्या अंतराचा आहे. ६० सेंटिमीटरांत थांबतानादेखील अंगावर वजनाच्या सुमारे १६ पट भार येतो. मांडीवरचे १० किलोचे मूल त्या क्षणी १६० किलोंचे होते. आईचे प्रेम कितीही मोठे असो, १६० किलो तिच्या हातांत राहणार नाहीत. मुलाला आणि स्वतःला मिळून एकच पट्टा बांधणे तर त्याहून वाईट. मग आईचाच भार मुलावर येतो. मुलाला मुलाचेच आसन हवे, आणि ते मागे हवे.

नीट धरलेले शरीर किती सोसते हे अमेरिकेतील कर्नल जॉन स्टॅप या डॉक्टरने स्वतःच्या अंगावर पाहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी तो अग्निबाणाच्या घसरगाडीवर ताशी १,०१७ किलोमीटर वेगाने गेला आणि १.४ सेकंदांत थांबला. डोळ्यांत रक्त उतरले, पण माणूस जगला, आणि पुढे मोटारींत पट्टे असावेत म्हणून झगडत राहिला. आज आपण वापरतो तो खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्व्हो कंपनीच्या निल्स बोलिन या अभियंत्याने सिद्ध केला. हा बोलिन आधी विमानाच्या कारखान्यात, संकटकाळी वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारे यंत्र करीत असे! माणसाला बाहेर कसे फेकावे हे ज्याला पक्के ठाऊक होते, त्यानेच त्याला आत कसे ठेवावे हे शोधून काढले. कंपनीने हा शोध इतर कारखानदारांनाही वापरू दिला. व्यापारात असे क्वचित घडते, म्हणून मुद्दाम नोंदवितो.

पट्टा बांधण्याची रीत सोपी आहे, तरी दहापैकी सहा जण ती चुकतात असे माझे आपले अनुमान आहे. खालचा पट्टा पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडांवरून गेला पाहिजे. पोटात हाडे नाहीत, तिथे पट्टा रुतला तर आतडी आणि यकृत दुखावते. गर्भवती भगिनींनी तो पोटाच्या खालून घ्यावा. बांधूच नये हा समज चुकीचा आहे. वरचा पट्टा गळा आणि खांदा यांच्या मधून, छातीवरून जावा. काखेखालून नको, पाठीमागून तर नकोच. साडी चुरगळते, हे मला मान्य आहे. पट्टा हळू ओढला तर सैल सुटतो आणि हिसका दिला की अडतो. तो बिघडलेला नसतो, तेच त्याचे काम आहे. एकदा अपघाताचा ताण सोसलेला पट्टा मात्र बदलावा. एअरबॅग आहे म्हणून पट्टा नको असे म्हणणाऱ्यांना इतकेच सांगतो, की ती पिशवी पट्टा बांधलेल्या माणसासाठीच आखलेली असते. पापणी लवायच्या आत ती फुगते. पट्ट्याविना पुढे फेकला गेलेला मनुष्य तिच्यावर पडत नाही, तीच त्याच्यावर पडते.

आणि आपण काय करतो? पट्टा न बांधल्याची पिपाणी वाजू नये म्हणून बाजारातून एक चिमुकली पत्र्याची क्लिप आणून खाचेत खुपसतो. या क्लिपांची विक्री थांबवा असा हुकूम २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला काढावा लागला. पहारेकऱ्याचे तोंड बांधायचे आणि स्वस्थ झोपायचे, असाच हा प्रकार. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन पट्ट्यासाठी १,००० रुपये दंड ठरला. तेव्हापासून नाका दिसला की पट्टा हाताने छातीवर धरून बसणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. तो पट्टा पोलिसाला दिसतो, पण भिंतीला दिसत नाही.

मागे बसणाऱ्यांना तर हा आपला विषयच नाही असे वाटते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडीत चौघे होते. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, मृत्यू पावले. मागे कुणी पट्टा बांधला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. गाडी मोठी होती, भारी होती, एअरबॅगा होत्या. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात देशभर पट्टा न बांधलेली १६,७१५ माणसे दगावली, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी चालक नव्हती, नुसती बसलेली होती. मागचा मनुष्य पुढे फेकला जातो तेव्हा पुढच्याच्या पाठीवर आदळतो, हेही विसरू नये.

"पण गाडी पाण्यात पडली किंवा पेटली तर पट्ट्यात अडकू ना?" हा प्रश्न मला हटकून विचारतात. शुद्धीवर असलेला माणूस तांबडे बटण दाबून क्षणात सुटतो. बेशुद्ध माणसाला कोणतेच बटण दाबता येत नाही, आणि शुद्ध राखण्याचे काम पट्टाच करतो. गाडी पाण्यात गेलीच तर पट्टा सोडावा आणि दाराशी झटत न बसता लगेच काच खाली करावी. बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देत नाही, आणि विजेवर चालणारी काच थोडाच वेळ साथ देते.

दाराच्या कुलुपाचीही हीच दोन तोंडे आहेत. जुन्या गाड्यांची दारे टक्कर होताच उघडत आणि माणसे रस्त्यावर फेकली जात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने अपघातांचा अभ्यास केला, त्यानंतर १९५५-५६ च्या सुमारास तिथल्या गाड्यांना घट्ट धरणारे खटके आले. आता उलट भीती, की वीज गेली तर दारे उघडणार नाहीत. म्हणून आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींत हाताने कुलूप काढण्याची सोय सक्तीची आहे. ती आपल्या गाडीत कोठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाने एकदा अंधारात चाचपून पाहावे. मागच्या दाराच्या कडेला चाइल्ड लॉकची बारीक कळ असते. मुलांसाठी ती उत्तम. पण ती लावलेली राहिली आणि मागे आजोबा बसले, तर आजोबाही मूलच ठरतात.

दार उघडतानाची एक युक्ती हॉलंडमध्ये शिकवितात, ती आपल्या सायकल-स्कूटरवाल्यांच्या गावांना फार उपयोगाची आहे. दाराजवळच्या हाताने दार उघडू नये, दूरच्या हाताने उघडावे. आपल्याकडे चालकाने डावा हात वापरावा. मग अंग आपोआप वळते आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो.

किल्लीचे सांगायचे राहिले. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सला सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दोष एवढासा, की किल्ली फिरते तो खटका हवा त्याहून सैल होता. जुडगा जड असला, गुडघा लागला किंवा खड्डा आला, की किल्ली आपोआप मागे सरके. इंजिन बंद पडे आणि त्याबरोबर एअरबॅगही निर्जीव होत. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. खटके बदलून होईपर्यंत मालकांना सांगण्यात आले, की जुडग्यातून बाकी सारे काढा आणि एकटी किल्ली वापरा. आपल्या जुडग्यात घराची, तिजोरीची, दुकानाची किल्ली आणि वर कुलदैवताचा पितळी टाक, असा संसार असतो.

त्यांच्याकडे किल्ली दोषाने फिरली. आपल्याकडे काही जण ती हौसेने फिरवितात. घाट उतरताना इंधन वाचावे म्हणून इंजिन बंद करणारे चालक मी कुंभार्लीत स्वतः पाहिले आहेत. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीन दाबांत संपते आणि पाय दगडावर ठेवल्यासारखा होतो. स्टिअरिंग जड होते. आणि किल्ली बाहेर काढली तर ते कुलूपबंद होते, तेही वळणावर! बरे, वाचते तरी काय? हल्लीच्या गाड्या गिअरमध्ये राहून उतारावर सुटल्या, पायाने ॲक्सिलरेटर सोडला, की इंधन आपणहून तोडतात. बचत शून्य.

बटणाच्या किल्लीचा सेल संपला म्हणून टोचणाची गाडी बोलावणारे लोकही पुष्कळ. बहुतेक अशा किल्लीच्या पोटात एक धातूची पात असते आणि दाराच्या मुठीपाशी झाकलेले भोक असते. मी माझी किल्ली आणली आहे, ही पाहा, अशी निघते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, वेळ झाली. बाहेर मैदानात ज्यांच्या गाड्या उभ्या आहेत त्यांनी जाताना मागच्या आसनाच्या फटीत हात घालून पट्ट्याचे बक्कल वर काढावे. बहुतेकांचे ते गादीखाली दडलेले असते. सापडले नाही तर मी दाराशीच उभा आहे.