एकाच रानातले सिंह

एका रानात एक हजार प्राणी आहेत असं धरू. नऊ वर्षं ते दरसाल दहा टक्क्यांनी वाढतात आणि दहाव्या वर्षी साथ येऊन ऐंशी टक्के मरतात. वाढीचे टक्के नव्वद, घटीचे ऐंशी; म्हणजे सरासरीने दरसाल एक टक्का वाढच. पण कागदावर हिशेब मांडून पाहा. नवव्या वर्षाअखेर २,३५८ प्राणी होतात आणि दहाव्या वर्षी उरतात ४७२. वाढ आणि घट बेरजेने चालत नाहीत, गुणाकाराने चालतात. म्हणून एक वाईट वर्ष नऊ वर्षांची कमाई धुऊन नेतं, वर मुद्दलालाही हात घालतं. याच चालीने दहा हजारांचा कळपसुद्धा तीसेक वर्षांत हजारावर येतो. दसपट संख्येने मिळाली ती एवढीच मुदत. जीवशास्त्रज्ञ रसेल लँड यांनी १९९३ मध्ये गणिताने दाखवलं, की अधूनमधून कोसळणाऱ्या आपत्तींमुळे दीर्घकाळाची वाढ उणी ठरत असेल तर मोठ्या संख्येचा आधार आपल्याला वाटतो त्याहून फार कमी असतो.

गुजरातमधल्या गीरच्या सिंहांची गणना २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ आणि २०२५ मध्ये ८९१ झाली. या चढत्या आकड्यांमागे खरे कष्ट आहेत. पण २०१८ च्या पावसाळ्याअखेर दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह दगावले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या (एनआयव्ही) तपासणीत कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला. याच रोगाने १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह नेले होते. ते पुढे सावरले ना, असं कोणी म्हणेल. सावरले, कारण तसाच दुसरा तडाखा लगोलग बसला नाही. त्याची वेळ कुणाच्या हाती नसते. याहून वजनदार आक्षेप असा, की इतक्या विरळ घटनांची शक्यता मोजायची कशी? नेमकी मोजता येत नाही, हे खरं. पण सिंह एकाच रानात ठेवायचे की दोन ठिकाणी विभागायचे, हा निर्णय त्यावाचून अडत नाही. वर्षाला विसात एक धरा, दोन स्वतंत्र वस्त्यांवर एकाच वर्षी घाला पडण्याची शक्यता चारशेत एक. पन्नासात एक धरा, तर अडीच हजारांत एक. कोणताही आकडा घेतला तरी विभागणीच सरस ठरते. मात्र वस्त्या खरोखर स्वतंत्र हव्यात. सिंह आता सौराष्ट्रात दूरवर पसरलेत, हे उत्तर म्हणूनच मला अपुरं वाटतं. सिंह, कुत्री आणि गुरं एकाच वाटांवर वावरतात तिथे रोगही त्यांच्यासोबत चालत जातो. अशी स्वतंत्र वस्ती व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोत हलवायला सांगितलं. २०२२ मध्ये तिथे चित्ते आले. सिंह अजून गेलेले नाहीत.